बुडालेली मोटर आणि चोर्ला घाट : स्कूबाचं सामान घाटमाथ्यावरच्या तळ्यापर्यंत नेण्याचं एक प्रकरण

खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कणकुंबी आणि चोर्ल्याच्या मधल्या डोंगरपट्ट्यात एका गावाची पिण्याच्या पाण्याची मोटर तळ्यात बुडाली. तराफ्यावर बसवलेली सबमर्सिबल होती. दोर कुजला, तराफा कलंडला आणि मोटर पाइपासकट तळाला गेली. पाणी तिथं साधारण नऊ मीटर खोल. मार्चची सुरुवात. हा मुलूख पावसाळ्यात कपडे वाळू देत नाही. याच तालुक्यातलं आमगाव कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत मोजलं जातं. पण पडलेलं पाणी एकीकडं मलप्रभेत, दुसरीकडं म्हादईत निघून जातं, आणि शिमगा झाला की बायकांच्या डोक्यावर पुन्हा घागरी येतात.

गावानं आधी घरचे उपाय केले. गळ टाकून तळ खरवडला. वर आलं ते एक सडकं झाड. पट्टीचे पोहणारे दम धरून खाली गेले, पण चार-पाच मीटरच्या खाली अंधार आणि गाळ. मग कुणाला तरी आठवलं की तालुक्यातलीच दोन पोरं गोव्यात ग्रँड बेटाजवळ पर्यटकांना स्कूबा डायव्हिंग करवतात. फोन झाला. पोरं तयार झाली, पैसे घेणार नाही म्हणाली. त्यांच्या मालकानं चार टाक्या आणि दोघांचं सामान उसनं द्यायचं कबूल केलं. राहिला प्रश्न ते सगळं समुद्रकिनाऱ्यावरून घाटमाथ्यावर, आणि मोटाररस्त्यापासून पुढं दीड-दोन किलोमीटर पायवाटेनं खाली तळ्यापर्यंत न्यायचा. बेळगावातल्या आम्हा डोंगर भटकणाऱ्यांचा या प्रकरणात शिरकाव झाला तो इथं. पंचायतीच्या अध्यक्षांना आमच्यातला एकजण ओळखत होता, आणि जड सामान वाईट वाटेनं न्यायची आम्हाला सवय आहे, असा त्यांचा समज होता.

सगळ्यांचं लक्ष टाक्यांवर होतं. फुटतील का, पोलीस अडवतील का, डोक्यावरून कशा न्यायच्या. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सांभाळून आणायचं सर्वात नाजूक सामान होतं त्या दोन पोरांची शरीरं, आणि गावानं ठरवलेल्या बेतात नेमका त्याचाच विचार नव्हता.

बेत असा होता. शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला पोरांचं समुद्रातलं काम संपणार. सात वाजता टाक्यांसकट छोट्या हत्तीत बसून साखळी-केरीमार्गे चोर्ला चढायचा, दहाला गावात जेवायचं, रविवारी सकाळी मोटर काढायची आणि रात्री परत. सोमवारी दोघे कामावर. कागदावर झकास.

घाट चढल्यावर काय होतं

पाण्याखाली दाबाखालची हवा घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर येताना तो हळूहळू निघून जायला वेळ मिळाला तर ठीक. दाब एकदम उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, आणि वाईट प्रकारात मज्जारज्जूवर घाला येतो. टप्प्याटप्प्यानं वर यायचं शास्त्र ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडलं, त्याला आता शतक उलटून गेलं. पण पाण्याबाहेर आल्यावर हा हिशेब संपत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल धरला तर ८०० मीटर उंचीवर तो ९२०च्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के कमी. पाण्यातून बाहेर पडून गाडीत बसलेला माणूस घाट चढतो तेव्हा त्याच्यापुरतं ते आणखी वर येणंच असतं, फक्त ते मीटर पाण्याचे नसून हवेचे.

विमानाचं सगळ्यांना ठाऊक असतं. डायव्हिंग केल्यावर लगेच विमानात बसू नये, हे गोव्यात पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकालाही सांगतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकारानं २००२ साली झालेल्या चर्चेतून जी मार्गदर्शक मुदत आली ती अशी : एकच साधं डायव्हिंग असेल तर किमान १२ तास थांबा, एकापेक्षा जास्त किंवा रोज-रोजचं असेल तर १८ तास, आणि थांबे घेत वर यावं लागलं असेल तर त्याहून बरंच जास्त. ही मुदत ज्या उंचीसाठी आहे ती मात्र फारसं कुणी वाचत नाही : २,००० ते ८,००० फूट. २,००० फूट म्हणजे ६१० मीटर. चोर्ल्याचा माथा त्याच्या वर आहे. बेळगाव शहरही वर आहे. आंबोलीही. बेळगावचा माणूस शनिवार-रविवार गोव्यात किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला डायव्हिंग करून रात्रीच्या रात्री घाट चढून घरी येतो, तेव्हा विमानात न बसताही तो या नियमाच्या खालच्या टोकात सापडतो. आपल्याला सह्याद्री डोंगर वाटतो तो चढताना. हिशेबात धरायच्या वेळी तो नेहमीचा रस्ता असतो. उंच तळ्यातलं डायव्हिंग म्हटलं की डोळ्यांपुढं चिली-बोलिव्हिया सीमेवरचं लिकांकाबुर येतं, जिथं जवळपास ५,९०० मीटरवरच्या विवरातल्या तळ्यात माणसं उतरली आहेत. शिकवणाऱ्या संस्था मात्र उंचीवरचं डायव्हिंग ३०० मीटरपासूनच सुरू झालं असं धरतात.

आमची दोन पोरं आठवडाभर रोज पर्यटकांबरोबर वर-खाली करत होती. म्हणजे १८ तासांचा गट. शनिवारी चार वाजता शेवटचं डायव्हिंग, तर रविवारी सकाळी दहाच्या आत घाट चढायचा नाही. वर पोचल्यावर लगेच पाण्यातही उतरायचं नाही, कारण समुद्रसपाटीच्या दाबाला सवयलेल्या शरीरात तिथल्या मानानं नायट्रोजन जास्तच असतो. सहा तास थांबणं ही रूढ रीत. अमेरिकेचं नौदल बारा तास धरतं. म्हणजे रविवारी दुपारी पोचून काम सोमवारी सकाळीच.

हे सांगितल्यावर गावात चांगलीच बाचाबाची झाली. टँकरचे दिवस मोजणाऱ्यांना एक दिवस म्हणजे थोडा नव्हे. एक वयस्क काका म्हणाले, "एक रातीनं काय बिघडतंय वो, पोरं तरणी हायत की." आणि धाकटा डायव्हर, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तोही फोनवर त्यांच्याच बाजूचा निघाला : "आम्ही दर महिन्याला सुटीला असंच वर येतोय, काय होत नाही." त्याचं खोटं नव्हतं. बहुतेक वेळा काही होत नाही. थोरल्यानं मात्र फार न बोलता गोष्ट मिटवली. तो म्हणाला, बिघडलंच तर न्यायचं कुठं ते आधी सांगा. या बुडबुड्यांच्या आजारावर खरा इलाज म्हणजे रिकंप्रेशन चेंबर, म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवायची बंद खोली, आणि घाटमाथ्यावरून चेंबर असलेल्या ठिकाणी पोचायला तासन् तास जातात. बेळगावच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी रुग्ण उंचावरच राहतो. तोवर हाताशी फक्त ऑक्सिजन. गावात फोनची रेंज पिंपळाच्या पारावर मिळते, तळ्याजवळ नाही. एवढं ऐकल्यावर अध्यक्षांनीच सोमवार ठरवला.

त्यातून वाहतुकीची घडी आपोआप बदलली. सामान आणि माणसं वेगळी झाली. टाक्या शनिवारी रात्रीच वर जाणार, पोरं सत्तरीतल्या केरीत, घाटाच्या पायथ्याशी एका नातेवाइकाकडं मुक्काम करणार आणि रविवारी न्याहारी उरकून, दहा वाजून गेल्यावर निघणार.

टाक्यांचा प्रवास

अकरा लिटरची ॲल्युमिनियमची टाकी रिकामी चौदा-पंधरा किलो भरते. २०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब) हवा भरली की त्यात आणखी अडीच किलोच्या वर भर पडते. हवेलाही वजन असतं हे अशा वेळी खांद्याला कळतं. चार टाक्या, दोघांची जॅकेटं, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारं यंत्र), सूट, पंख, शिसं आणि ऑक्सिजनची पेटी. बसनं किंवा रेल्वेनं हवा भरलेल्या टाक्या नेता येत नाहीत, म्हणून छोटा हत्ती. वर कॉम्प्रेसर नेऊन तिथंच टाक्या भराव्यात अशीही एक सूचना होती. ती आम्ही सोडून दिली. पेट्रोलवरचा कॉम्प्रेसर जड तर असतोच, पण त्याचाच धूर त्याच्या तोंडात गेला तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड भरला जातो, आणि दरीसारख्या बंद जागेत वारा कधी फिरेल याचा भरवसा नसतो.

गाडीच्या हौद्यात भाताचं पिंजर जाड अंथरलं, टाक्या आडव्या ठेवल्या, दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावल्या. दोर टाकीच्या अंगावरून घेतला, वाल्व्हला मुळीच बांधला नाही. टाकी मजबूत असते, वाल्व्ह तिचा दुबळा भाग. गचक्यानं तोच वाकतो. वरून ताडपत्री. रेग्युलेटर मात्र हौद्यात ठेवले नाहीत, ते चालकाच्या बाजूला मांडीवर. चोर्ल्याच्या रस्त्याची लाल धूळ ज्यानं पाहिली आहे त्याला कारण सांगायला नको. ती रबराच्या पडद्यात एकदा बसली की खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त छळते.

सीमेवरच्या नाक्यावर गाडी थांबणार हे गृहीतच होतं. गोव्याहून रात्री येणारी, ताडपत्री लावलेली गाडी म्हणजे आत दारू, हा अंदाज बहुधा चुकत नाही. ताडपत्री वर केल्यावर शिपाई बुचकळ्यात पडला. "हे गॅसचं हाय काय?" चालक आमचा खानापूरचा, निम्मं कानडी निम्मं मराठीत म्हणाला, "नाही वो साहेब, नुसतं वारं हाय." वारं विकत भरून आणतात हे काही त्याला पटेना. डायव्हिंग सेंटरचं पत्र, पंचायतीचं कानडीतलं पत्र आणि टाकीच्या खांद्यावर ठोकलेली दाब-चाचणीची तारीख, या तिन्हींवर टॉर्च फिरला. ही तारीख पाहून ठेवावी. टाकीची पाण्याच्या दाबावरची चाचणी दर पाच वर्षांनी करायची असते, आणि मुदत उलटलेली टाकी घेऊन सीमा ओलांडायची वेळ कुणावर येऊ नये. पत्र कानडीत असल्यानं काम लवकर झालं, हेही नोंदवतो. ते पंचायतीच्या पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, एका बैठकीत लिहून दिलं होतं. आमचा मराठी मसुदा तसाच खिशात राहिला. वनखात्याला आणि इरिगेशनवाल्यांनाही तेच पत्र आधी दिलं होतं. भीमगड अभयारण्याच्या इतक्या जवळ रात्री अनोळखी सामान उतरवायचं तर वनखात्याला ठाऊक असलेलं बरं.

रविवारी सकाळी टाक्या तपासल्या तेव्हा गोंधळ उडाला. किनाऱ्यावर २०० दाखवणारा काटा चारही टाक्यांवर १९०च्या आसपास. कुणी म्हणालं घाटात हवा गळली, कुणी म्हणालं नाक्यावर वाल्व्ह सैल झाला. वाल्व्हवर साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. कारण साधं होतं. टाक्या भरल्या तेव्हा किनाऱ्यावर बत्तीस अंश, आणि घाटमाथ्यावर पहाटे सतरा. तापमान पंधरा अंशांनी उतरलं की २०० बारच्या टाकीत साधारण दहा बार कमी दिसतात. हवा तेवढीच असते, दाब उतरतो. चारही टाक्या सारख्याच उतरल्या होत्या यावरूनच ते ओळखायला हवं. गळती असती तर एकच टाकी मागं पडली असती.

पायवाट

रस्ता संपतो तिथून तळं शंभरेक मीटर खाली, एका खोलगट वाटीत आहे. टाकी डोक्यावर नेता येत नाही. गोल, गुळगुळीत आणि गार. चुंबळीवर ती बसत नाही, आणि बसली तरी मान मोडते. गावातल्या दोघांनी लाकडं वाहायची पद्धत काढली. टाकी गोणपाटात घट्ट गुंडाळायची, दोन ठिकाणी सुंभानं आवळायची, बांबूला आडवी टांगायची आणि दोघांनी खांद्यावर घ्यायची. आम्ही आमचे पट्टे-बकलं घेऊन गेलो होतो, ते नुसते बघत बसले. उतारावर टाकी पुढच्या माणसाकडं सरकते, म्हणून वाल्व्ह मागच्या बाजूला ठेवला आणि पुढं उंच माणूस घेतला. काजूच्या मुळांवरून पाय घसरतात तिथं एकजण खाली उभा राहून नुसता बांबूला हात देत होता.

शिसं कमी न्यावं लागलं. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास हलकं, त्यामुळं सामानासकट शंभर किलोच्या माणसाला बुडायला दोन-अडीच किलो शिसं कमी पुरतं. समुद्रातला नेहमीचा पट्टा तसाच बांधून कुणी गोड्या पाण्यात उतरला तर दगडासारखा तळाला जातो, आणि गाळात रुततो. जेवढी लागणार होती तेवढी शिशाची वजनं शाळकरी पोरांनी खिशात एकेक घालून नेली. तळ्याचं पाणी पिण्याचं असल्यानं सगळं सामान किनाऱ्यावरच गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून आणायला सांगितलं होतं. सूटचा वास घेऊन तपासायचं काम एका आजींनी स्वतःहून घेतलं.

सोमवारी उतरण्याआधी दोन गोष्टी झाल्या. पहिली विजेची. वॉटरमननं खांबावरचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवले, स्टार्टरपासून केबल सोडवली आणि काम संपेपर्यंत तो तिथून हलणार नाही असं ठरलं. तुटलेली केबल पाण्यात, त्याच पाण्यात माणसं, आणि मीटरच्या खोलीची किल्ली तिघांकडं, हे सोडून देण्यासारखं नव्हतं. दुसरी मनगटावरच्या कंप्युटरची. खोली आणि वेळ मोजून खाली किती राहता येईल ते तो सांगतो. नवे कंप्युटर उंची आपोआप ओळखतात, पण धाकट्याच्या मनगटावर भाड्यानं द्यायचा जुना होता, त्यात उंचीचा टप्पा हातानं लावावा लागतो. तो अर्थातच समुद्रसपाटीवर होता. ३०० ते १,५०० मीटरचा टप्पा लावला. नऊ मीटरचं तळं या उंचीवर हिशेबाला जवळजवळ दहा मीटरचं होतं, एवढाच फरक. अशा खोलीला बुडी स्वतः फारशी धोक्याची नसते. म्हणूनच बहुधा कुणी हिशेब करत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तळीच डोंगरात असल्यानं झुरिकचे डॉक्टर आणि संशोधक ॲल्बर्ट बुल्मान यांना उंचीचा हिशेब टाळताच आला नाही, आणि आज अनेक कंप्युटरांच्या पोटात त्यांचीच गणितं चालतात.

प्रत्यक्ष काम चटकन आटोपलं. खाली दिसत काहीच नव्हतं. थोरला तराफ्याला बांधलेला दोर धरून गेला, हातानं चाचपत पाइप शोधला आणि पाइपावरून मोटरीपर्यंत पोचला. हवेची पिशवी फुगवून मोटर वर आणायचा विचार आम्ही आधीच सोडला होता. नऊ मीटरवरून वर येईतो त्या पिशवीतली हवा जवळजवळ दुप्पट होते, आणि गाळात न दिसणारं जड धूड पिशवीसकट सुटलं तर खालच्या माणसाला बाजूला व्हायलाही कळत नाही. डायव्हरनं फक्त गाठ मारायची, स्वतः लांब येऊन वर बसायचं, मग कप्पीवरून गावानं ओढायचं. चंदगडकडच्या एका पाहुण्यानं विहिरीवरची कप्पी आणली होती. एकेका टाकीत काम भागलं. राखीव दोन टाक्या तशाच्या तशा परत गेल्या.

खरी कुरबुर नंतर झाली. तळ्यातून रस्त्यावर परत चढ आहे, आणि दोघा डायव्हरांना आम्ही काहीच उचलू दिलं नाही. दुपारपर्यंत सावलीत बसवलं, मग रिकाम्या हातानं सावकाश चालवलं. बुडीनंतर लगेच जड ओझं घेऊन चढण चढणं टाळायचं असतं, आणि इथं चढणीबरोबर उंचीही वाढत होती, थोडी का होईना. बांबू खांद्यावर घेतलेल्या माणसांना हे कसं दिसत असेल ते समजू शकतो. "मोटर काढणारे पाहुणे आणि आम्ही हमाल," असं एकजण पुटपुटला. पण कप्पी ओढणाऱ्यांत तोच पुढं होता, आणि संध्याकाळी दोघांना जेवल्याशिवाय सोडायला तयार नसलेलाही तोच. परतीची चिंता नव्हती. पोरं घाट उतरणार होती, आणि खाली जाताना दाब वाढतो.

मोटरीचं वाइंडिंग जळालं नव्हतं, बेळगावात उघडून वाळवून ती पुन्हा बसवली. तराफ्याला आता नायलॉनचा दोर आणि शिवाय साखळी आहे, आणि साखळीच्या टोकाला तरंगता रिकामा कॅन, म्हणजे पुढच्या वेळी निदान जागा तरी सापडेल. खर्चाचं घोडं मात्र पंचायतीत अडलं. टाक्या भरायचा खर्च, गाडीभाडं आणि पोरांचे बुडालेले दोन दिवस (ते नको म्हणत होती तरी अध्यक्षांचा आग्रह होता) कुठल्या शीर्षाखाली दाखवायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डायव्हर असं शीर्ष पंचायतीच्या हिशेबात नसतं. शेवटी सगळं पंप दुरुस्तीत गेलं.